कोलन वॉटर लावून काढलेली दोन छायाचित्रे

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
आधारवेल गृहशुश्रूषा प्रकल्प,
गोखिवरे, वसई (पूर्व), जि. पालघर.

अर्जदार : रुडॉल्फ जोसेफ तुस्कानो, निवृत्त शिक्षक (विज्ञान), रा. राजोडी, ता. वसई.

विषय : अर्जदाराच्या पत्नीच्या पाठीची उष्णता-कॅमेऱ्याने काढलेली दोन्ही छायाचित्रे रद्द धरून, पूर्वसूचना न देता तिसरे छायाचित्र काढणेबाबत, व तोपर्यंत हवेची गादी परत न नेणेबाबत.

संदर्भ : १. आपल्या कार्यालयाचे गादी परत करण्याविषयीचे पत्र.
२. अर्जदाराने आपल्या कार्यालयास वेळोवेळी केलेले फोन (यांची नोंद कार्यालयात नसल्याचे समजते, अर्जदाराच्या घशात आहे).

महोदया,

१. अर्जदार राजोडीचा पिढीजात रहिवासी असून गावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला आहे. त्याची पत्नी सालोमी ही दोन वर्षांपूर्वी वाडीतल्या विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिच्या मणक्याला मार बसला. तेव्हापासून कमरेखालचे अंग तिचे असून तिचे राहिलेले नाही. तिथे चिमटा काढला तरी तिला कळत नाही, आणि या अर्जातली सगळी भीती त्या एका वाक्यात आहे. ज्याला दुखते तो निदान ओरडतो तरी. सालोमीची पाठ उद्या आतून कुजायला लागली तरी ती दारात आलेल्या माणसाला हसून 'चहा घेणार ना' असेच विचारत राहील.

२. आपल्या प्रकल्पाने सालोमीसाठी हवेची गादी दिली, पंप दिला, कूस कशी बदलायची ते शिकवायला परिचारिका विनिताताईंना पाठवले. त्याबद्दल अर्जदाराचे घर आपले ऋणी आहे. पुढील मजकुरात अर्जदाराचा सूर कुठे चढला तर तो उपकार विसरल्यामुळे चढलेला नाही, घाबरल्यामुळे चढला आहे, असे कृपया समजावे.

३. मार्च महिन्यात आपल्याकडे उष्णता टिपणारा कॅमेरा आला व तो घेऊन तंत्रज्ञ श्री. हर्षवर्धन घरोघरी जाऊ लागले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जी जखम होते, ज्याला सगळे बेडसोअर म्हणतात, ती वरून फुटण्याआधी कितीतरी दिवस आत शिजत असते. तिथली कातडी आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम होते, कधी रक्त पोचेनासे होऊन गार पडते. गोऱ्या अंगावर लाली तरी दिसते. आमची माणसे उन्हातान्हात वाडी शिंपणारी, सावळी. आमच्या कातडीवर लाली उमटतच नाही. डोळ्याला जे दिसत नाही ते हा कॅमेरा रंगांत दाखवतो, हे हर्षवर्धन यांनी फार छान समजावले. अर्जदार वर्गात इतके छान कधी समजावू शकला नव्हता. त्या दिवशी अर्जदाराने देवाचे आणि विज्ञानाचे एकाच दमात आभार मानले.

४. आता पहिल्या छायाचित्राविषयी. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, द्यायला घरी येतात. त्या दिवशी आजाऱ्याला न्हाऊमाखू घालतात, नवी चादर घालतात, टेबलावर पांढरा कपडा, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि ताजी फुले ठेवतात. घरात आजारी माणूस आहे हे देवाला माहीत असते, पण म्हणून देवासमोर पारोसे बसायचे नाही, ही रीत आहे. 'कॅमेरावाले येणार' असे विनिताताईंनी कळवले तेव्हा सालोमीच्या लेखी तो दुसरा पहिला शुक्रवारच होता. सकाळची आंघोळ झालेली असताना हर्षवर्धन यांनी नाक्यावरून फोन केला, 'काका, पाच मिनिटांत पोचतो'. तो फोन येताच सालोमीने अर्जदाराला हुकूम सोडला आणि अर्जदाराने विहिरीचे गार पाणी आणून तिची पाठ पुन्हा पुसून काढली, वर दुबईहून आमच्या लेकीने, एलिसाने, पाठवलेले कोलन वॉटर ओंजळभर चोळले आणि वर पावडर शिंपडली. मेणबत्त्याही लावल्या.

हर्षवर्धन यांनी रीतसर विचारले होते, 'काकू, आंघोळ झाली का?' त्यांचा हेतू तपासणीचा होता. सालोमीला वाटले, हा मुलगा आपल्या स्वच्छतेवर शंका घेतो. तिने घरच्या बोलीत जे सुनावले ते अर्जात शाळेच्या मराठीत लिहितो : 'झाली म्हणजे काय? आमच्या घरात पाहुण्यापुढे पारोसं कुणी बसत नाही.' मुलगा संस्कारी, पुढे काही विचारायला धजला नाही. कॅमेऱ्यात सालोमीची पाठ सगळी निळी दिसली, आणि लाल काय दिसले तर कोपऱ्यातल्या दोन मेणबत्त्या. 'काकू, एकदम नॉर्मल,' असे म्हणून त्यांनी सांदण खाल्ले, दुसरे मागून घेतले आणि ते गेले. सालोमी दिवसभर पहिला नंबर आल्यासारखी खूश होती.

५. येथे अर्जदाराला स्वतःविषयी थोडे कडू लिहिणे भाग आहे. स्पिरिट किंवा कोलन वॉटर अंगावरून उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते, म्हणून तापात कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवतात, हा धडा अर्जदाराने नोकरीभर सातवीला शिकवला. मुलांच्या मनगटांवर थेंब टाकून दाखवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ज्या यंत्राने उष्णता शोधायची, त्याच्यासमोर अर्जदाराने स्वतःच्या हाताने उष्णता पुसून टाकली. पण महोदया, बायकोचा हुकूम आणि सातवीचा धडा एकाच वेळी समोर आले तर माणूस कोणाचे ऐकेल, हे आपण जाणताच.

हे अर्जदाराच्या लक्षात आले ते पुढच्या आठवड्यात. सालोमीची कूस बदलताना माकडहाडाच्या डाव्या अंगाला तळहात टेकला तर तिथे ऊब लागली, आणि खालचे मांस कच्च्या केळ्यासारखे टणक. दिसायला काही नाही. नेहमीप्रमाणे तिने कोलन वॉटर मागितले, अर्जदाराने चोळले, पुन्हा हात लावला तर ती जागा छान गार! अर्जदाराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

६. अर्जदाराने लगेच आपल्या कार्यालयास फोन करून 'तपासणी चुकली आहे' असे सांगितले. फोनवरच्या बाईंनी फार प्रेमाने सांगितले की रिपोर्ट नॉर्मल आहे, ही आनंदाची गोष्ट आहे, आनंद घ्या. अर्जदाराने कोलन वॉटरविषयी सांगितल्यावर त्या म्हणाल्या की तसा रकाना त्यांच्याकडे नाही. दुसऱ्या फोनला गाडी दुरुस्तीला गेल्याचे समजले. तिसऱ्या फोनला असे ठरले की रुग्णालाच गोखिवऱ्याला आणावे.

ज्या बाईला उठून बसवू नये म्हणून गादी दिली, तिला राजोडीहून गोखिवऱ्याला आणायचे! तरी आणले. शेजारच्या व्हिव्हियनचा केळी वाहण्याचा टेम्पो धुऊन घेतला, मागे गादी अंथरली, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला अर्जदाराने सालोमीची कंबर दोन्ही हातांवर झेलली. त्या सकाळी अर्जदाराने तिला आंघोळ घातली नव्हती. त्यावरून घरात जे झाले ते अर्जात मावणार नाही. पण नालासोपाऱ्याच्या अलीकडे अर्जदाराला टेम्पोत केळ्यांच्या वासाबरोबर दुसरा एक वास आला. अर्जदार टेम्पो बोलवायला गेला तेवढ्यात सालोमीने शेजारच्या कॅरलला हाक मारून पाठ पुसून घेतली होती आणि वर उरलेली निम्मी बाटली रिकामी करायला लावली होती. विचारल्यावर तिने तोंड फिरवले.

अर्जदाराला वाटले, हरकत नाही, पोचेपर्यंत उडून जाईल. उडूनही गेले असेल. पण आपल्या केंद्रात कॅमेरा तापू नये म्हणून एसी इतका जोरात होता की अर्जदाराने दोन्ही हात काखेत घातले. सालोमीला बराच वेळ स्टीलच्या ट्रॉलीवर उताणी ठेवले, आणि मग पालथी करून स्टीलला टेकून गार पडलेल्या त्याच पाठीचा फोटो काढला. पुन्हा सगळी निळी. अर्जदार हर्षवर्धन यांच्या कानाशी जाऊन सगळे सांगू लागला. त्यांना पटलेही. ते म्हणाले, 'काका, तुमचं बरोबर आहे, पण इथे फोटो एकदा अपलोड झाला की मी पुसू शकत नाही.' त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचे दिसत होते, त्यामुळे अर्जदार त्यांना दोष देत नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात, तसे आम्ही फुफाट्यातून बर्फात पडलो.

७. संदर्भीय पत्रान्वये आपण कळवले आहे की, लागोपाठ दोन तपासण्या नॉर्मल आल्याने सौ. सालोमी तुस्कानो यांना 'कमी जोखीम' वर्गात घेण्यात आले असून हवेची गादी येत्या सोमवारी परत नेण्यात येईल. पुढील तपासणी सहा महिन्यांनी. मधल्या काळात जखम उघडल्यास तिचा फोटो पाठवावा म्हणजे प्रकरणाचा फेरविचार होईल.

महोदया, जखम उघडू नये म्हणून कॅमेरा आणला. आता कॅमेऱ्याचा विश्वास बसावा म्हणून जखम उघडायची वाट पाहायची, हा कुठला न्याय? अर्जदाराने हे पत्र तीनदा वाचले.

त्यानंतर विनिताताई येऊन गेल्या. त्यांनी बोटाने दाबून पाहिले, चष्मा लावून पाहिले, मोबाईलचा उजेड टाकून पाहिले. ऊब त्यांनाही लागली. पण मे महिना आहे, अख्ख्या वसईलाच ऊब लागते आहे, एवढ्यावर काय लिहायचे, असे त्या म्हणाल्या आणि कागदावर 'त्वचा अखंड' लिहून गेल्या. जाताना मात्र अर्जदाराला अंगणात बाजूला घेऊन म्हणाल्या, 'सर, गादी सोडू नका.' त्यांचे नाव यात घेतल्याबद्दल त्यांना बोल लावू नये.

८. ही गादी पुढे नालासोपाऱ्याच्या दिपिका नावाच्या मुलीला जाणार आहे, असे टेम्पोच्या दिवशी केंद्रात कळले. ती वरच्या मजल्यावरून कपडे वाळत घालताना पडली, वय तिशीच्या आत. इकडे आड, तिकडे विहीर. तिच्या पाठीखालची गादी ओढून घ्यायला अर्जदार हा अर्ज लिहीत नाही. पण सालोमीच्या पाठीखालून ती काढायची तर निदान खरी पाठ पाहून काढा, कोलन वॉटर लावलेली पाहून नको.

९. आता आपण विचाराल, आणि विचारणे योग्यच आहे, की एवढे कळल्यावर ही बाई कोलन वॉटर सोडत का नाही. अर्जदारही तिच्यावर यावरून ओरडला आहे. त्याचे त्याला वाईट वाटते.

सालोमीची थोरली बहीण मर्सी आमच्याच घरात अंथरुणाला खिळून गेली. तेव्हा हवेची गादी नव्हती, कॅमेरा नव्हता. मर्सीही सावळी. पाठीवर काही दिसत नाही म्हणून सगळे निर्धास्त होते, आणि एक दिवस चादरीला ओल लागली. वर जखम बोटाएवढी, आत मूठ जाईल एवढी पोकळी. नंतर जो वास सुटला तो कशानेच जाईना. सालोमी दिवसातून चार वेळा धुवायची, धूप घालायची, मोगऱ्याच्या पाकळ्या उशाशी ठेवायची. भेटायला येणारी माणसे चांगलीच होती हो, पण उंबऱ्यात आली की हात आपोआप नाकाकडे जायचा. रुमाल निघायचा. मर्सी शेवटी शेवटी डोळे मिटूनच पडायची, समोरच्याचा रुमाल दिसू नये म्हणून. सालोमी हे सगळे पायथ्याशी बसून पाहत होती.

तेव्हापासून सालोमीला मरणाची भीती वाटत नाही, रुमालाची वाटते. ती त्या जखमेलाच इतकी घाबरते की जखम शोधायला आलेल्या माणसापुढे ती जखम लपवते. हे तिला कळत नाही असे नाही. अर्जदाराने सगळे विज्ञान समजावले, तिने मान डोलावली, आणि फाटक वाजताच तिचा हात एलिसाने पाठवलेल्या नव्या बाटलीकडे गेला. माणसाचे असेच असते, महोदया. निदान आमच्या घरातल्या माणसाचे असे आहे.

१०. तरी आपल्या चरणी पुढील विनंत्या :

(अ) येत्या सोमवारी गादी नेऊ नये. गाडी यायची असेल तर गादीसाठी न येता कॅमेऱ्यासाठी यावी.

(आ) येण्याआधी कळवू नये. नाक्यावरून फोन तर मुळीच करू नये. हर्षवर्धन यांनी गाडी चर्चपाशी सोडून वाडीतून मागल्या दाराने चालत यावे. कुत्रा भुंकतो, चावत नाही. पंखा बंद करून, कूस वळवून, अंग थोडा वेळ उघडे ठेवून मगच फोटो घ्यावा. हे त्यांना अर्जदारापेक्षा जास्त कळते, पण भीतीने लिहून जातो.

(इ) जो कोणी येईल त्याने खोलीत येताना हात नाकाकडे नेऊ नये. वास येत नाहीच, तरीही. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकावी. ही अट विचित्र वाटेल, पण सगळ्या अर्जात अर्जदाराला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

(ई) अशा रीतीने काढलेला फोटो जर खरोखरच निळा आला, तर अर्जदार गादी, पंप व नळ्या स्वच्छ धुऊन व्हिव्हियनच्या टेम्पोने स्वतः दिपिकाच्या घरी पोचवील आणि वर दोन केळीचे घड देईल. आणि जर डाव्या अंगाला लाल आले, तर दोघींसाठी दोन गाद्या कुठून आणायच्या हे आपण आणि अर्जदार मिळून पाहू. अर्जदार त्यासाठी कोणाच्याही दारात उभा राहायला तयार आहे. आयुष्यभर ताठ मानेने जगला, आता वाकायला लाज वाटत नाही.

११. हा अर्ज येथेच संपत होता. तो अर्जदार स्वयंपाकघरात बसून, सालोमीला न सांगता लिहीत होता. पण तिने आतून हाक मारली की एवढा वेळ काय खरडताय, वाचून दाखवा. न वाचण्याची सोय नव्हती. अर्जदाराने विषयापासून वाचला. मेणबत्त्यांपाशी ती हसली. सांदणाशी म्हणाली, दोन नाही, त्याने तीन खाल्ली. मर्सीचे आल्यावर म्हणाली, हे खोडा. अर्जदाराने पेन उचलले. मग वरच्या पंख्याकडे पाहत म्हणाली, राहू द्या. पुढे वाचा.

सगळे ऐकून झाल्यावर तिने अर्जदाराला जवळ बोलावले आणि स्वतःचा हात मागे नेऊन, पोचेल तिथपर्यंत, डाव्या अंगावर ठेवला. हाताला ती जागा कळते, त्या जागेला हात कळत नाही. हाताला ऊब लागली असणार, कारण ती रडू लागली. दोन वर्षांत अर्जदाराने तिला रडताना पाहिले नव्हते. मग तिने उशीखालची वस्तू काढून अर्जदाराच्या हातात दिली व ती अर्जासोबत पाठवा असे सांगितले, म्हणून सोबतच्या यादीत एक नोंद वाढली आहे. तिचे एवढेच म्हणणे आहे की पहिल्या शुक्रवारी येऊ नये. बाकी कधीही या, ती आहे तशी असेल.

आपल्या उत्तरापेक्षा आपल्या गाडीची वाट पाहणारा,
आपला नम्र,

रुडॉल्फ जोसेफ तुस्कानो
राजोडी, दि. १४ मे २०२५

वरील मजकूर मला वाचून दाखवला असून तो मला मान्य आहे. (सांदणांचा आकडा सोडून.)
सही : सालोमी रुडॉल्फ तुस्कानो

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. दोन्ही छायाचित्रांच्या प्रती (निळ्या).
३. विनिताताईंच्या कागदाची प्रत.
४. कोलन वॉटरची बाटली, एक, नवी, अजून न फोडलेली. घरात दुसरी नाही. तिसरे छायाचित्र काढून झाल्यावर हर्षवर्धन यांच्या हातूनच परत मिळावी, आणि त्यांनी ती सालोमीच्या हातात द्यावी; फोटोत काय आले ते त्यानंतर सांगावे.